नमस्कार दादा

आमच्या ऑफिसात कुणा ग्राहकाचा वाढदिवस असो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असो, नाहीतर कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असो, मेसेज लिहायचं काम माझं. गुंतवणुकीचा सल्ला देणारं छोटं ऑफिस आहे, चिंचवड स्टेशनच्या जवळ, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. सल्ला सर देतात, कागदपत्रं मी बघते. पण सरांना मराठीत चार ओळी लिहायला सांगितल्या की घाम फुटतो. ते 'आपणास कळविण्यात येते की' असं सुरू करतात आणि समोरच्याला वाटतं, कोर्टाची नोटीस आली. म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

पुढे सॉफ्टवेअर आलं. त्यात असे मजकूर आधीच लिहून ठेवता येतात. त्यांना टेम्प्लेट म्हणतात. नावाच्या जागी रिकामी चौकट सोडायची, पाठवताना ज्याचं त्याचं नाव आपोआप बसतं. या टेम्प्लेटचे दोन कप्पे असतात. 'पर्सनल' कप्पा ज्याचा त्यालाच दिसतो. 'शेअर्ड' कप्पा सगळ्या ऑफिसला दिसतो, सगळ्यांना वापरता येतो, पण त्यातला शब्द बदलायचा हक्क सर ज्याला देतील त्यालाच. हक्क असला की मजकुराशेजारी एक छोटी पेन्सिल दिसते. नसला की दिसत नाही.

मला माणूस डोळ्यांसमोर असल्याशिवाय लिहिता येत नाही. हा माझा दोष म्हणा, खोड म्हणा. वाढदिवसाचा मजकूर मी माझ्या शाळेतल्या बाईंना आठवून लिहिला होता. त्यांना स्तुती आवडायची नाही, म्हणून त्यात एकही विशेषण नाही. लग्नाचा मजकूर शेजारच्या काकूंसाठी, ज्यांना लग्न म्हटलं की आधी जेवणाची चिंता. हे मजकूर मी माझ्या पर्सनल कप्प्यात ठेवले होते. कपाटात साड्या लावून ठेवाव्यात तसे.

मग चाकणच्या एका कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली. नोकरीत कायम असलेले कामगार जायचे, त्यांच्या हाती एकरकमी पैसे यायचे, आणि त्या पैशांचं काय करायचं हे विचारायला ते आमच्यासारख्यांकडे येणार हे उघड होतं. सर म्हणाले, "एक छान मेसेज करा." मी म्हटलं, करते. त्याच कारखान्यात माझा सख्खा भाऊ लेथ मशीनवर टर्नर होता.

आम्ही मूळचे लातूरकडचे. दादा आधी इकडे आला, नोकरीत कायम झाला, लग्न झालं, आणि मग त्यानं मला आणलं. चिखलीतल्या दोन खोल्यांमध्ये मला ठेवून बी.कॉम. केलं. वहिनी पहाटे उठून चहा टाकायची. दादा दोन घोट घ्यायचा तोच कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजायचा, आणि तो कप तसाच ठेवून डबा घेऊन पळायचा. उरलेला चहा मी प्यायचे. माझं सगळं कॉलेज त्या अर्ध्या चहावर झालं. दादाच्या मनात एकच होतं, ते तो दर दिवाळीत बोलून दाखवायचा: तळवड्यात एक गाळा घ्यायचा, जुना का होईना एक लेथ टाकायचा आणि बाहेर स्वतःच्या नावाची पाटी लावायची. गाळा हेरूनही ठेवला होता. मालकाशी तोंडी बोलणं झालं होतं, फक्त पैशांची वाट होती.

तर मी दादाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. 'नमस्कार दादा. कंपनीचा कागद हातात पडला असेल. इतकी वर्षं बस येईल म्हणून चहा अर्धा टाकून पळालात. आता पूर्ण प्या. आज काही ठरवू नका. जेवण झाल्यावर टीव्ही बंद करा आणि सगळा कागद वहिनींना वाचून दाखवा. मनात काही करायचं राहून गेलं असेल तर त्याचे पैसे आधी बाजूला काढा. मग आमच्याकडे या. आम्ही सांगू तेही लगेच खरं धरू नका, चार प्रश्न विचारा.'

लोकांना ते आवडलं. चहा अर्धा टाकून पळणारा माझा एकटा भाऊ थोडाच होता! सगळा चाकण पट्टाच तसा पळतो. फोन यायला लागले. खेडकडचे एक काका तर बायकोला घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मालकिणीला घिऊनच आलोय. तुमीच तसं लिव्हलं व्हतं न्हवं?" त्या बाईंनी सरांना इतके प्रश्न विचारले की सरांनी दोनदा पाणी मागवलं. मला फार बरं वाटलं.

त्याच सुमारास ऑफिसात विक्रीसाठी एक मॅनेजर आला होता. वाकडला राहायचा, बोलायला गोड, डोक्यानं तेज. तो म्हणाला, "मॅडम, सोनं आहे हे. पर्सनलमध्ये काय ठेवलंय? शेअर करू या." सरांनी मान डोलावली. मजकूर शेअर्ड कप्प्यात गेला. खोटं कशाला सांगू, मी हरखले होते. माझ्या शेजारची पेन्सिल गेली आणि त्याच्या शेजारी आली, हे दिसलं होतं मला. पण मजकूर ऑफिसचा झाला, म्हणजे तसंच असणार, असं वाटलं आणि मी कामाला लागले.

दादाही आमचाच ग्राहक होता. पण ऑफिसचा नियम असा की नातेवाइकांचं खातं आपण बघायचं नाही. ते दुसऱ्याकडे असतं आणि आपल्याला उघडताही येत नाही. हा नियम मला तेव्हाही पटत होता, आजही पटतो. दादानं निवृत्ती घेतली, पैसे आले, तेव्हा तो फोनवर एवढंच म्हणाला, "तुझ्या ऑफिसात झालं सगळं, बाई." मला वाटलं, गाळ्याचं ठरेपर्यंत कुठंतरी हाताशी ठेवले असतील. धाकट्या बहिणीशी पैशांचं बोलायला तो लाजतो, म्हणून मीही खोदून विचारलं नाही.

पावसाळा सरला तरी गाळ्याचं काही ऐकू येईना. एका रविवारी मी चिखलीला गेले होते. वहिनीनं चहा आणला. मी सहज विचारलं, "गाळ्याचं कुठवर आलं?"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "मला काय विचारायलीस? तूच पैसे एका जागी टाक म्हणलीस की."

"मी? मी कधी म्हटलं?"

"मेसेजात. म्या म्हणलं, बाई म्हणायली म्हणजे काहीतरी बघूनच म्हणायली असंल. गाळेवाल्याला नको म्हणून सांगून टाकलं."

त्यानं चष्मा लावला, मोबाइल काढला आणि बराच वेळ वर-खाली करून तो मेसेज माझ्यासमोर धरला. 'नमस्कार दादा. कंपनीचा कागद हातात पडला असेल. इतकी वर्षं बस येईल म्हणून चहा अर्धा टाकून पळालात. आता पूर्ण प्या. पैशांची काळजी आमच्यावर सोडा. आयुष्यभर पेन्शन मिळेल अशी जागा आम्ही तुमच्यासाठी बघून ठेवली आहे. खालच्या लिंकवर आजच सही करा.'

वरच्या ओळी माझ्या होत्या, अक्षर न् अक्षर माझ्या. खालचं कुणाचं होतं ते मला लगेच कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे मी नाही लिहिलं, दादा."

"असं कसं? चहाचं तुझ्याशिवाय कोणाला माहीत हाय?" तो हसत होता अजून. "'पळालात' लिहिलंस ते वाचून मला हसूच आलं. म्हणलं, ऑफिसातून पाठवताना दादालाबी तुम्ही म्हणावं लागत असंल. वाचताना तुझा आवाज येत होता बघ."

वहिनी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मला तर वाचूनबी दाखवलं नाहीत तुम्ही." ती रागावून नाही बोलली. पण मला तिच्याकडे बघवेना, कारण ती ओळ माझ्या मूळ मजकुरात होती. मी स्वतः लिहिली होती.

मग मी दादाकडून कागद मागून घेतले. पेन्शनची पॉलिसी होती, एकरकमी भरलेली. अशी पॉलिसी हातात पडल्यावर ठरावीक दिवसांत, का नको ते न सांगताही, परत करता येते. ते दिवस कधीच उलटून गेले होते. आता मोडायची तर मोठा लचका तुटणार. दादाला ते परत करायचं सुचलंच नव्हतं. का सुचावं? बहिणीनं सांगितलेली गोष्ट परत कशाला करायची? मी गप्प होते म्हणून त्याला वाटत होतं सगळं माझ्या मनासारखं चाललंय, आणि तो गप्प होता म्हणून मला वाटत होतं गाळ्याचे पैसे जागेवर आहेत. बिचाऱ्यानं कुणाला दोष दिला नाही. उलट मलाच म्हणाला, "जाऊ दे, पेन्शन तर येतीय ना थोडी थोडी." तेव्हा मला रडू आलं.

सोमवारी मी पर्स टेबलावर टाकली आणि सरळ मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले. "आज काही ठरवू नका, ही ओळ कुणी काढली?"

तो दचकला, पण गडबडला नाही. "मॅडम, मोबाइलवर मेसेज लांब दिसत होता. थोडा कापला."

"कापलात तर कापलात. वरचा चहा का ठेवलात मग?"

"तोच तर चालतो ना! लोक तिथेच थांबतात." त्याला खरंच माझं कौतुक करायचं होतं, हे सगळ्यात वाईट. "आणि मॅडम, शेअर्ड टेम्प्लेट कुणा एकाचं नसतं."

माझा आवाज चढला. सर केबिनमधून बाहेर आले. मी त्यांना दादाचं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला, ते खुर्चीत बसले, चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सही त्यांनी स्वतः केलीय ना पण?" बावीस-तेवीसची होते तेव्हापासून मी या माणसाकडे काम करतेय. त्या एका वाक्यात ते मला परके झाले. मी म्हटलं, निदान तो मजकूर काढून टाका, माझ्या ओळी तरी काढा. ते म्हणाले, बघतो. अजून बघतायत. मी रोज शेअर्ड कप्पा उघडते, 'नमस्कार दादा' तिथेच असतं, आणि त्याच्या शेजारी माझ्यासाठी पेन्सिल नसते.

दादाच्या वतीनं मी विमा कंपनीला तक्रार लिहिली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. वाचता वाचता माझ्या मनात आलं, हेही कुणीतरी कधीतरी एखाद्या खऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असेल का? त्यानंतर दुसरं उत्तर आलेलं नाही. मी दर आठवड्याला आठवण करून देते.

गाळा पावडर कोटिंगवाल्यानं घेतला. दादा आता त्याच गल्लीत, दोन शटर सोडून, दुसऱ्याच्या लेथवर रोजानं जातो. वहिनी सांगते की बस नाही, हॉर्न नाही, तरी चहा अर्धा टाकूनच उठतात.

माझ्या पर्सनल कप्प्यातलं सगळं मी पुसून टाकलं. बाईंचा वाढदिवस, काकूंचं लग्न, सगळं. आता तिथे 'अद्याप काहीही नाही' असं येतं. कुणाला काही लिहायचं असेल तर मी नव्यानं लिहिते, पाठवते आणि लगेच काढून टाकते. मॅनेजर म्हणतो, मॅडम, यात वेळ जातो. जाऊ दे जातो तर.

भाऊबीजेला दरवर्षी मीच चिखलीला जाते. यंदा आदल्या दिवशी नेहमीसारखा मेसेज टाकला: 'दादा, उद्या दुपारी येते. जेवायलाच थांबते. काही आणू का?' एरवी त्याचा अंगठा येतो. या वेळी फोन आला.

"बाई, तुझ्या नावानं मेसेज आलाय. उद्या येते म्हणून. काही आणू का विचारलंय. तूच केलास ना?"

"मीच केलाय, दादा."

"हां, मग ठीक हाय. वहिनीला सांगतो." आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "राग मानू नको. विचारलेलं बरं."

फोन ठेवल्यावर मी माझाच मेसेज उघडला आणि पुन्हा पुन्हा वाचला. हा मीच लिहिलाय हे त्याला कळावं, असं त्यात काय आहे ते मी शोधत होते. मला काही सापडलं नाही.