मूठभर देवभात

कर्जतला उतरले आणि चौकच्या टमटममध्ये बसले. पिशवीत कात्री, कागदी पाकिटं आणि भलताच आत्मविश्वास. मला देवभात (न पेरता तळ्यात उगवणारा रानभात) हवा होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या भाताने करपा या बुरशीच्या रोगापुढे हात टेकले होते.

तळ्याशी पोचले. डंपर भराव टाकत होते. अर्धं तळं गायब! उरलेल्या पाण्यात गावातल्या सुमनमावशी सुपात लोंब्या झटकत होत्या. राहिलेली देवभाताची चार ताटं त्यांनी मला दाखवली. मी घाईघाईने लोंब्या मुठीत धरून कापल्या, तर दाणे टपाटप पाण्यात!

"अगं बाय! हात लावला की झडतो हा. आधी खाली सूप धरायचं."

आता सांगून काय उपयोग? रडूच यायचं बाकी होतं. मावशी मला घरी घेऊन गेल्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवून म्हणाल्या, "एवढं काय हाय गं त्यात?"

मी सांगितलं, "रोगाशी लढायला आपल्या रक्तात पेशी फिरतात, झाडात तसं नाही. तिथे प्रत्येक पेशीला स्वतःचा पहारेकरी लागतो. तो बुरशीला खुणेवरून ओळखतो. बुरशी खूण बदलते, पहारेकरी फसतो."

"मंग?"

"कधी चुकून त्या पहारेकऱ्याची जास्तीची नक्कल तयार होते. ती पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते. एखादीला नवी खूण ओळखता आली, तर ते झाड तगतं. शेतात आपण मोजकेच वाण ठेवले. देवभातात जुने पहारेकरी अजून असतील."

"म्हंजी आमच्या उपासानं राखले म्हना की!"

भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणून बायका देवभात जपतात. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

मावशींनी सुपातला अर्धा देवभात माझ्या पाकिटात ओतला.

"आणि तुमचा उपास?"

"भागंल अर्ध्यात. पन उगवला की मूठभर परत आना. तळं नसंल, पंचमी तर येनारच."

परतीच्या बसमध्ये पाकीट मांडीवर घेऊन बसले. त्यावर वाण, गाव, तारीख असे रकाने छापलेले होते. खाली मी पेनाने आणखी एक ओळ लिहिली: सुमनमावशींना परत, पुढच्या भाद्रपदाच्या आत.