शेवटचे अकरा डोळे आणि नवी सुरी

रोपवाटिकेत त्याला सगळे ‘खात्रीकाका’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. कुणी म्हणालं, “आज हवा छान आहे,” तरी हा आधी मान वर करून आभाळ तपासायचा आणि मग विचारायचा, “खात्री काय?” दुधात पाणी, तराजूत खोट, हसण्यात कावा. या माणसाला नुसतं पाणीसुद्धा कधी सरळ वाहताना दिसलं नाही.

पण गुलाबाला डोळा भरावा तर त्यानंच. डोळा म्हणजे काडीवरचा गव्हाच्या दाण्याएवढा कोंब. तो सालीसकट अलगद उचलायचा, दुसऱ्या झाडाच्या खोडाला चीर देऊन आत बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची. तीस वर्षं हेच केलं. शंभरातले नव्वद हमखास धरायचे, आणि या एका गोष्टीला मात्र त्यानं कधी ‘खात्री काय’ विचारलं नव्हतं.

सगळा खेळ कमरेच्या छोट्या सुरीचा. ती तो रोज संध्याकाळी दगडावर घासायचा आणि म्यानात घालून खुंटीला टांगायचा. अलीकडे त्याला वाटू लागलं की या सुरीला कुणीतरी हात लावतंय. झालं! त्यानं म्यानाच्या बंदाला बारीक दोरा बांधला. सकाळी अंघोळ करून येऊन बोटांनी चाचपतो तर दोरा जागच्या जागी, पण गाठ उलटी. म्हणजे बांधणारा डावखुरा!

बाहेरच्या खोलीत मेहुणा राहायचा. रोपवाटिकेतच कामाला, पक्का डावखुरा. आता बायकोही डावखुरीच होती म्हणा. पण घरात आयता मेहुणा असताना बायकोवर कोण संशय घेतो?

“माझ्या सुरीनं सुतळ्या कापतोस काय रे?” त्यानं एकदा आडून विचारलं.

“भावजी, माझ्याकडे माझ्या तीन सुऱ्या आहेत.”

“तीन? तीन कशाला लागतात माणसाला?” संशय आणखीच बळावला.

अशात रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी बोलावलं. फाटकाजवळचा पांढरा गुलाब वाळत चालला होता. त्यांच्या आईनं लावलेला, तसा दुसरा कुठेच नव्हता. “एकच हिरवी काडी उरलीय, काका. अकरा डोळे आहेत. शनिवारी तुम्हीच भरा. हे गेले तर झाड गेलंच समजा.”

दुसऱ्यानं हाताळलेल्या सुरीनं हे काम? छे! तो तडक चाकू-कात्र्यांच्या दुकानात गेला. दुकानातल्या बाईंनी आधी मिटणारी सुरी दाखवली. त्यानं पातं दोन बोटांत धरून हलवलं. “बिजागरी आली की पातं डुगडुगणार. शिवाय खाचेत चीक आणि माती अडकणार ती वेगळीच. न मिटणारी दाखवा.” मग पाच सुऱ्या निघाल्या. एकीचं पातं जाड, साल फाडेल. दुसरीचं टोक लांब, बोटात घुसेल. तिसरीची मूठ गुळगुळीत, ओल्या हातातून निसटेल. चौथी निव्वळ आवडली म्हणून त्याला संशयास्पद वाटली. पाचवी बोटभर पात्याची, पातळ, आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. बाईंनी कापून बघायला कागद पुढे केला.

“तुमचा कागद नको,” म्हणत त्यानं खिशातून स्वतःची गुलाबाची काडी काढली.

बाई हसल्या. “काका, कापते ती ठीक. पण कारखान्याची धार भरड असते. शेवटचा हात घरी दगडावर मारा. उजेडात, नीट बघून.”

“मला शिकवता?” तो फणकारला.

शुक्रवारी त्यानं तासभर सुरी घासली. तिचं म्यान कमरेचं सोडलं नाही, अंघोळीलाही सोबत नेलं. बायको म्हणाली, “द्या की, मी बघते जरा.” त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जुनी सुरी खुंटीवरच राहिली.

शनिवारी पहिला डोळा उचलला आणि सालीचे तंतू निघाले. दुसऱ्याचा कोंबच चिरला. तिसऱ्याला सुरी अडखळली म्हणून जोर दिला, तर डोळा तुटून मातीत पडला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाईंना आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

पलीकडच्या वाफ्यातून मेहुणा उठून आला. त्याच्या हातात जुनी सुरी होती. “ताईनं दिलीय. म्हणाली, नवी अडली तर दे.”

चौथा डोळा लोण्यातून काढावा तसा निघाला. खात्रीकाका सुरीकडे बघतच राहिला. चार दिवस त्यानं हिला दगड दाखवला नव्हता.

“तू लावलीस धार?”

“मी? माझी काय छाती आहे, भावजी? तुम्ही अंघोळीला गेलात की ताई लावते. रोज. दोन वर्षं झाली.”

त्यानं उरलेले सातही भरले, पट्ट्या आवळल्या, मालकीणबाईंना जाऊन खरं सांगितलं: अकरातले तीन माझ्या हातानं मेले. मग घरी आला आणि नवी सुरी बायकोसमोर ठेवली.

“सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं? चष्मा घ्या म्हटलं तर चष्मेवाला काचा बदलतो म्हणालात. तुमची धार बोथट राहते म्हटलं असतं, तर माझं तोंड बघितलं असतंत?”

नसतंच बघितलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. डोळे गेले तर आपण उरतो कोण?

तिनं दगड ओला केला, डाव्या हातानं नवी सुरी शांतपणे घासली, पुसली आणि पुढे केली. “घ्या. करा खात्री.”

त्यानं ती न बघताच म्यानात घातली. खुंटीवरच्या जुन्या म्यानाला उलट्या गाठीचा दोरा अजून होता, तो तोडून टाकला.

“उद्या जाऊ चष्म्याला,” तो म्हणाला. “पण तूही चल. काचा तू बघ. मला तो माणूस काही ठीक वाटत नाही.”