मी डाग दिलेला जीपीएस

माझ्या मेव्हण्याची होडी एका सकाळी तोंडवलीच्या किनाऱ्याला एसटीसारखी थांबत थांबत आली, त्याला मी जबाबदार आहे.

मी ओरोसच्या सरकारी कचेरीत कारकून. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध एवढाच, की मी डाग द्यायची एक सोल्डरिंग गन विकत घेतली होती आणि तीन व्हिडिओ पाहिले होते (तिसरा अर्धाच. रेंज गेली!). नेमका तेव्हाच मेव्हण्याच्या, म्हणजे बाबलच्या, होडीवरचा जीपीएस बंद पडला. खाऱ्या हवेने आतल्या सर्किट बोर्डावर हिरवट थर चढला होता आणि वायरीच्या जोडाचा एक पाय सुटला होता.

"कुडाळाक न्हेतंय दुरुस्तीक," बाबल म्हणाला.

"कुडाळ कशाला? मी आहे ना!"

माझी बायको नंदा आतून ओरडली, "बाबल, शाणो आसशीत तर तेंच्या हातात देव नको! तेंका प्लग बदलूक सांगलंय, तर अख्ख्या वाडीची लायट घालवल्यानी!"

असं कोणी बोललं की माणूस पेटतोच.

हिरवा थर न खरवडता मी गनच्या टोकावर सोल्डर वितळवलं आणि भातावर तूप सोडावं तसा थेंब त्या पायावर सोडला. (खरं तर आधी तो पाय आणि बोर्ड दोन्ही तापवायचं असतं. ते बहुधा व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात होतं.) आणि जीपीएस चक्क लागला! बाबल माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला.

दुसऱ्या रात्री तो दोन खलाशांना घेऊन दर्यात गेला आणि उजाडताना हे दाट धुकं उतरलं! सातला येणारी होडी नऊ झाले तरी नाही. फोन लागेना. आम्ही सगळे किनाऱ्यावर. पाण्यातल्या खडपांवर होडी आपटली तर?

एवढ्यात धुक्यातून आवाज आला. डुगडुगडुग... आणि गप्प!

"इंजिन बंद पडला!" नंदा किंचाळली.

डुगडुगडुग!

"चालू झाला!"

पुन्हा गप्प. असं अर्धा तास! दर वेळी इंजिनाबरोबर माझं काळीजही बंद-चालू होत होतं. शेवटी होडीचं नाक दिसलं आणि मी कचेरीच्या पँटीनिशी कमरेभर पाण्यात धावलो. बाबलला मिठी मारली. त्याला येणारा बांगड्यांचा वास मला त्या दिवशी अत्तरासारखा वाटला!

"भावोजी," तो दमून म्हणाला, "इंजिन चालू केला की हादऱ्यान जीपीएस बंद! इंजिन बंद केला की जीपीएस चालू! मगे काय, थांबाचा, दिशा बघूची, जरा फुडे जावचा, परत थांबाचा!"

नंदाने भावाला कुरवाळलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. (ती ओरडली असती तर बरं झालं असतं.)

कुडाळच्या कारागिराने भिंगातून बोर्ड पाहिला. "डाग कसो चकचकीत, पायाक धरून उतरतो आसाक व्हयो. ह्यो नुसतो वर बसलेलो गोळो! कोणी केल्यान ह्या?"

मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. भला माणूस बाबल! शांतपणे म्हणाला, "होतो एक मिस्त्री. वारलो."

"बरा झाला!" कारागीर म्हणाला.

मी मान खाली घातली आणि स्वतःसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो.