बाजूचा उजेड

सायकलीच्या पुढच्या दिव्यावर माझ्या बायकोच्या मामांनी जितका विचार केला, तितका गोव्यात कुणी स्वतःच्या लग्नावरही केला नसेल. मामांचं घर पाळीला, खाणीच्या तांबड्या रस्त्याला लागून. मूळचे ते दोडामार्गाकडचे. विशीच्या आत खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि खाण चालू होती तोवर त्यांनी टिपरांचे, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे, दिवे सांभाळले. खाण बंद पडली त्या दिवशी सगळे कामगार गेटवर जमून पुढं काय करायचं ते बोलत होते. मामा मात्र ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आता ह्येंच्या वायरी उंदीर खातले." त्यानंतर त्यांच्या हातात एकच गाडी उरली, ती म्हणजे त्यांची काळी सायकल. टिपरांसाठी जी काळजी वाहायची सवय लागली होती, ती सगळी त्या सायकलीच्या वाट्याला आली.

जुना दिवा गेला आणि मामा नवा शोधायला निघाले. बाजारात मिळणारा कुठलाही दिवा लावायचा आणि मोकळं व्हायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. दिवा टिकाऊ हवा आणि तो टिकाऊ आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. पहिली परीक्षा पाण्याची. दिवा पेटवून बालदीत सोडायचा आणि वर फळी ठेवायची. मामी बिचाऱ्या आतून चमकणाऱ्या बालदीला वळसा घालून दुसऱ्या बालदीनं पाणी काढायच्या. दुसरी परीक्षा धुळीची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खाणीची तांबडी माती, तीत दिवा, आणि ओसरीवर बसून तो डबा चिवडा कालवल्यासारखा हलवत राहायचं. तिसरी परीक्षा धक्क्यांची, आणि तिच्यासाठी गावच्या गिरणीइतकी योग्य जागा नाही असं त्यांचं मत होतं. गिरणवाल्याच्या हातापाया पडून त्यांनी एक दिवा गिरणीच्या चौकटीला बांधला आणि आठ दिवस तिथंच ठेवला. नाचणी घेऊन आलेली एक म्हातारी तो विझायची वाट बघत तासभर बसून राहिली. तिला वाटलं, दळण झालं की दिवा विझतो. गिरणवाल्यानं पीठ हातात दिलं तरी तिचा विश्वास बसेना.

या तिन्ही परीक्षांत उतरणारे दिवे तसे थोडेच, पण ते सगळे चौथ्या परीक्षेत आपटायचे. तिन्हीसांजेला मामा सायकल अंगणात स्टँडवर चढवायचे, सीटवर बसायचे, दिवा लावायचे आणि समोर बघायचे. निकाल ठरलेला असायचा. "हो दिवो नाय, ही नळी. मधी ठिपको पडता. बाजू खय आसा?" मग आम्हाला व्याख्यान. "दिव्याची दोन कामा. रस्तो दाखवचो आणि रस्त्याची कड दाखवची. मराण कडेसून येता." मी त्यांच्या मागं उभा असायचो. मला उजेड डावीकडं कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत आणि उजवीकडं केळीच्या बेटापर्यंत पसरलेला दिसायचा. एकदा मी तसं म्हणालोही. मामांनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुमी मास्तर. पुस्तकात लिवलेला असता ता तुमका दिसता." सगळे हसले. मी डिचोलीच्या शाळेत शिकवतो आणि मयेला राहतो, त्यामुळं हा विनोद मला लागू होता. मीही हसलो.

नापास झालेला दिवा परत करायला मामा डिचोलीला जायचे. तिथल्या सायकलवाल्याकडं ते इतके दिवे घेऊन गेले, की त्यांची सायकल वळणावर दिसली की तो दुकानदार चहा प्यायला मागच्या बाजूनं बाहेर पडे. मामा तो येईपर्यंत बाकावर बसून राहत. दिवे बनवणाऱ्यांना त्यांनी पत्रंही लिहिली, शुद्ध मराठीत, उजेड कसा पडायला हवा याची पेन्सिलीनं काढलेली आकृती जोडून. उत्तर कधी आलं नाही. त्यावर मामांचं म्हणणं, "वाचून गप रवले असतले. चूक कळली मां."

याच काळात त्यांचं सगळ्या गावाशी बिनसत चाललं होतं. शेजाऱ्यानं गडगा वीतभर अलीकडं सरकवला, अशी त्यांची तक्रार होती, कारण येता जाता त्यांचा कोपर त्यावर घासू लागला होता. पंचायतीच्या माणसानं टेप आणून मोजलं, गडगा होता तिथंच होता. एका सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराच्या सायकलीवर ते जाऊन आदळले आणि त्यालाच विचारू लागले, "हॉर्न वाजवूक काय झाला?" पदेराचा हॉर्न पलीकडच्या वाड्यावर ऐकू गेला होता. मामांनाही तो ऐकू आला होता, पण त्यांच्या मते तो दुसऱ्या पदेराचा होता. ओळखीचे लोक बाजूनं हाक न मारता नुसता हात करायचे आणि मामा पुढं निघून जायचे. खाण गेली तरी माज गेला नाही, असं लोक बोलू लागले.

मला या सगळ्याचा फार उपयोग झाला. नातेवाइकांत गोष्टी रंगवून सांगणारा म्हणून माझं नाव आहे. मामांची नळी, मामांचा गडगा, मामांचा पदेर, हे मी नकलेसह करून दाखवत असे आणि लोक ते पुन्हा मागत. पण एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. एकदा ओसरीवर मी त्यांच्या उजव्या बाजूनं चहाचा कप पुढं केला. मामा समोर बघत बोलत राहिले. कप त्यांच्या हातापासून दोन बोटांवर होता. मी तो तसाच धरून उभा राहिलो, आणि अखेर त्यांच्या समोर आणला तेव्हा ते दचकून म्हणाले, "इतक्या लवकर झालो चाय?" माझ्या मनात काहीतरी आलं. आलं आणि मी ते बाजूला सारलं.

शेवटी दुकानदाराचा तोल सुटला. मामांनी आणखी एक दिवा "बाजू नाय" म्हणून काउंटरवर ठेवला, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "मामा, दिवो बरो आसा. आदीं तुमचे दोळे दाक्तराक दाखयात वचून." मामा उठले. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं त्यांनी घरी सांगितलं आणि दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. मला मात्र माझ्या नकलेसाठी झकास शेवट मिळाला.

माझ्या भावानं मांद्र्याला समुद्राजवळ पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधल्या, त्यांची वास्तुशांत होती. मामी आल्या होत्या, मामा आले नव्हते. जेवणं झाल्यावर लोकांनी आग्रह केला आणि मी सुरू झालो. दुकानदाराच्या वाक्यावर इतका हशा झाला, की आचारीसुद्धा बाहेर डोकावला. नंतर मी हात धुवायला गेलो, तर मामी तिथं थांबल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "जावयबापू, ह्येंच्या डोळ्यांक काय झाला नाय मां? तुमी लक्ष दिऊन बघतास. तुमका काय दिसला?"

मला तो कप आठवला. पण मी नुकताच पन्नास माणसांना हसवून आलो होतो. "छे हो मामी," मी म्हणालो, "सगळी चेष्टा." त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढं पाच महिन्यांनी, संध्याकाळी मामा घरी येत असताना, डाव्या हाताच्या वाटेवरून एक गाडी मुख्य रस्त्याला लागली. मामांना ती दिसलीच नाही. गाडीवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून ते वाचले, पण सायकलीसकट खालच्या शेतात गेले. खांद्याचं हाड मोडलं. हाडाच्या डॉक्टरनं तपासताना बाजूला बोटं धरून विचारलं, "किती?" मामा म्हणाले, "कसली?" तिथून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्रात बघितलं आणि शांतपणे सांगितलं की काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. यात कडेची नजर आधी जाते. माणसाला ती गेलेली कळत नाही, जगच अरुंद झालंय असं वाटतं. गेली ती परत येणार नाही. उरली आहे ती थेंब घालून राखायची. "वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण सोबत मी होतो.

मामांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे ते दिवे बरे होते?"

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मी मान खाली घातली.

खांद्याचं हाड जुळून आल्यावर मामांनी मला स्कूटरवरून डिचोलीला न्यायला सांगितलं. दुकानदार त्यांना बघून उठून उभा राहिला. या वेळी तो मागच्या दारानं गेला नाही. मामांनी सरळ सांगितलं, "तुझे दिवे चांगले होते. दोष माझ्या डोळ्यांचो. लोकांसमोर तुका खोटो पाडलंय, ता चुकला." दुकानदार कानकोंडा झाला. "हांवें तें रागान म्हणिल्लें, मामा. मनांत कांय नासलें."

"रागान म्हटलंस," मामा म्हणाले, "पण म्हटलंस तू एकट्यानच."

ते माझ्याकडं बघून बोलले नाहीत. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा होतो, तिथला मी त्यांना दिसत नव्हतो. मला त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो ते फार उशिरा, परतीच्या वाटेवर, स्कूटर थांबवून. कपाचं सांगितलं, मामींना दिलेलं उत्तरही सांगितलं. "माका अंदाज होतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "चला, मामी वाट बघता." क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत.

पण त्या महिन्यात त्यांनी मला आपली काळी सायकल दिली. डॉक्टरनं मला साखरेसाठी व्यायाम सांगितला होता, ते त्यांच्या कानावर होतं. सायकलीला दिवा हवा, म्हणून आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं सात-आठ दिवे मांडले आणि मामांनी ते हातानं तपासले. नखानं रबराची कडी उचकून बघितली, स्क्रूचे आटे बोटानं मोजले, बटण कानाशी धरून दाबलं. मुठीएवढा, जड, धातूच्या अंगाचा, बॅटरी बदलता येणारा एक दिवा त्यांनी बाजूला काढला. "हो मेल्यावर पण चलतलो," म्हणाले. कोण मेल्यावर, ते त्यांनी सांगितलं नाही. तो दिवा आता दोन पावसाळे काढून आहे आणि एकदाही मिणमिणलेला नाही.

दर रविवारी दुपार कलली की मी मयेहून सायकलवर पाळीला जातो. पोचेपर्यंत दिवेलागण होते. थेंब घालायची वेळ तीच असते, आणि मामींचा हात कापतो म्हणून ते काम माझ्याकडं आलं आहे. मामा पायरीवर बसून असतात. रस्ता त्यांच्या घराला बाजूनं येऊन मिळतो, त्यामुळं ते मला लांबून दिसतात, पण मी त्यांना दिसत नाही. सवयीनं मी हात वर करतो. ते समोर बघत राहतात. मी वळण घेऊन त्यांच्या अगदी पुढ्यात येतो, दिवा त्यांच्या चेहऱ्यावर पडतो, आणि तेव्हा कुठं ते उठायला लागतात.