भाजणी, जीएसटी नंबर आणि आईचा जबाब

मी बेकार आहे, असा जबाब माझ्या आईनं एका सरकारी अधिकाऱ्याला दिला, त्या वेळी माझा धंदा उत्तम चालला होता.

धंदा थालीपिठाच्या भाजणीचा. औषध कंपनीतली माझी नोकरी सुटली आणि इंदूरजवळच्या आमच्या तीर्थाच्या गावी, नानाखेडा वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझी बायको मंजिरी, आम्ही एक छोटी चक्की बसवली. आधी कॉलनीतली मराठी मंडळी भाजणी न्यायची, मग इंदूर-देवासहून फोन यायला लागले. आणि एक दिवस टॉवर चौकातल्या एका हॉटेलच्या सेठजींनी मला बोलावून घेतलं. महाराष्ट्रातून दर्शनाला आलेले यात्रेकरू पहिल्या दिवशी पोहे-जलेबीचं कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी थालीपीठ मिळेल का विचारतात, असा त्यांचा अनुभव. त्यांना दर महिन्याला पोत्यानं भाजणी हवी होती. एवढी ऑर्डर मिळाली असती, तर मला पुन्हा नोकरी शोधायची गरजच नव्हती.

"माल अच्छा है भिया," सेठजी म्हणाले, "पर बिल पक्का चाहिए. जीएसटी नंबरवाला. नंबर ले आओ, उसी दिन से माल शुरू."

मी मुळात अस्वस्थ माणूस. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी उठून बघून येतो. जीएसटी म्हटल्यावर मी परतीच्या वाटेला लागलो तो हिशेब करतच. इतके दिवस आपल्याकडे नंबर नव्हता, म्हणजे इतके दिवस आपण गुन्हा करत होतो की काय? घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात अटकही करून घेतली होती. चप्पल काढायच्या आधी मी आईला गाठलं.

"आई, कोणी अनोळखी माणूस धंद्याची चौकशी करायला आला, तर इथे असलं काही नाही म्हणून सांगायचं."

आई सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं. फक्त खरं सांगायचं नाही."

"ते मला जमणार नाही, सुहास."

"दंड होईल आई. आणि घर तुझ्या नावावर आहे."

हे मात्र तिला पटलं. "बरं," ती म्हणाली, "पण एकदा बोलायचं ठरवलं ना, की मी अर्धवट बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी टॅक्सचं काम बघणाऱ्या वकीलसाहेबांकडे गेलो. माझी कबुली ऐकून ते मनसोक्त हसले. "अरे भैया, इतने छोटे काम पर नंबर ज़रूरी ही नहीं था. अब हॉटेल को देना है, तो ले लेते हैं." त्यांनी अर्ज भरला. त्याला दुकानाच्या पाटीचा फोटो, लाइटचं बिल आणि घरमालकाचं, म्हणजे आईचं, संमतिपत्र लागलं. (आईनं त्यातल्या हिंदीच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि मगच सही केली. वकीलसाहेबांना ते पुन्हा टाइप करावं लागलं.) निघताना ते म्हणाले, जागा बघायला कोणीतरी येऊन जाईल. हे त्यांनी सांगितलं असं ते आजही म्हणतात. त्या वेळी मी खिडकीतून वाकून स्कूटरला कुलूप लावलंय की नाही ते बघत होतो.

मग सुरू झालं वाट बघणं. मी सारखा मोबाइल उघडायचो. अर्ज 'प्रलंबित'. चहा पिऊन बघायचो, प्रलंबित. तिकडे सेठजींचा फोन यायचा, "क्या हुआ भिया? इंदौर की एक पार्टी भी भाजणी दिखा के गई है." मी खोलीत येरझारा घालायला लागलो. मंजिरी धने भाजताभाजता म्हणाली, "अहो, एका जागी बसा. नाहीतर निदान हातात झाडू तरी घ्या, खोली झाडून होईल."

या सगळ्या धावपळीत, आईला दिलेला हुकूम मागे घ्यायचा राहून गेला.

एका दुपारी मी आणि मंजिरी मंडीतून धान्य घेऊन परतलो, तर दारावरची पाटी गायब. आत आई आरामखुर्चीत बसलेली. चेहऱ्यावर बोर्डाचा निकाल शंभर टक्के लागल्याचं समाधान.

"आला होता," ती म्हणाली. "घालवला."

"कोण?"

"तुझा तो चौकशीवाला. हेल्मेट घालून आला. 'यहाँ भाजणी का काम होता है?' म्हणाला. मी म्हटलं, कैसी भाजणी? हम नौकरीपेशा लोग हैं."

मी दार पुन्हा एकदा बघून आलो. "आणि पाटी?"

"त्याचा फोन आधी आला होता, घर कुठंय विचारायला. तेवढ्या वेळात काढली. गच्चीवर पालथी घातलीय, तिच्यावर धने वाळत टाकलेत."

"आणि ही पोती? ती दिसली असतील ना त्याला?"

"पोत्यांवर चादरी घातल्या. विचारलं त्यानं, 'ये कौन हैं?' म्हटलं, मेहमान हैं, जलगाँव से दर्शन को आए हैं, थक के सो गए हैं. फार सज्जन मुलगा बाई. त्यानंतर शेवटपर्यंत हळू आवाजात बोलत होता."

मंजिरी पदर तोंडाला लावून आत गेली. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतेय.

"आई, अगं आपण अर्ज केलाय ना, तो त्याच नंबरासाठी जागा बघायला आला असणार!"

आई जराही डगमगली नाही. "मग तू तसं सांगायला हवं होतंस. मला सांगितलंस, कोणी आलं तर नाही म्हण. मी नाही म्हटलं."

मी तसाच स्कूटर काढून कर कार्यालयात गेलो. ते साहेब भेटले. तिशीतला, शांत माणूस. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा सहानुभूतीनं भरून आला.

"बैठिए. आपकी माताजी से बात हुई थी. बहुत चिंता में हैं."

"सर, मेरा भाजणी का काम है."

"माताजी ने तो कहा, लड़का घर पर ही है, कोई अच्छी जगह हो तो बताइए." त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. माझा जुना बायोडाटा. "ये भी दिया है. पर हमारे यहाँ भर्ती परीक्षा से होती है."

माझा धंदा आहे, तो आमच्याच घरात आहे आणि जळगावचे पाहुणे ही पोती आहेत, हे त्यांना पटवता पटवता मला घाम फुटला. त्यांनी बायोडाटा घडी घालून मला परत दिला. शेवटी म्हणाले, "ठीक है. एक बार और देख लेंगे. इस बार सब सच-सच दिखाइएगा."

घरी येऊन मी पाटी पुसून लावली. पोती भिंतीशी ओळीनं लावली. आईपुढे हात जोडले. "आता कृपा करून सगळं खरं सांग."

"नक्की ना? पुन्हा बदलणार नाहीस?"

"नाही."

"सगळं?"

"अगदी सगळं."

साहेब ठरल्या वेळी आले. या वेळी कोणी झोपलेलं नाही ना, म्हणून त्यांनी आधी दारातूनच पाहिलं. मी त्यांना पोती दाखवली, पाकिटं दाखवली, लेबलं दाखवली. ते म्हणाले, "मशीन चलाकर दिखाइए."

मी रुबाबात बटण दाबलं. चक्की जशीच्या तशी. पुन्हा दाबलं. मंजिरीनं मागून येऊन भिंतीवरचं मेन स्विच वर केलं आणि "अहो, थांबा, पिशवी..." एवढं म्हणेपर्यंत चक्की सुरू झाली. पीठ पडायच्या तोंडाला कापडी पिशवी बांधायची असते. ती मी बांधली नव्हती. बांधायची असते, हेच मला त्या क्षणी कळलं. भाजणीचा एक भला मोठा ढग उठला आणि तो खाली बसला तेव्हा साहेबांचा निळा शर्ट, भुवया आणि हातातली फाइल, सगळं खमंग झालं होतं.

ते सलग शिंकत राहिले. मंजिरीनं चक्की बंद केली, टॉवेल दिला, पाणी दिलं. मग तिनं पिशवी बांधून चक्की पुन्हा चालवून दाखवली. साहेबांनी रुमालानं नाक धरून आईला विचारलं, "माताजी, ये काम असल में करता कौन है?"

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. (मीच. स्वतःहून.)

"बहू करती है," आई म्हणाली. "धान्य वही चुनती है, भूनती वही है, पीसती वही है. भाव भी वही तय करती है. ये स्कूटर पर पहुँचाता है और लेबल चिपकाता है. वो भी टेढ़े."

साहेबांनी एक पाकीट उचलून बघितलं. लेबल खरंच तिरकं होतं.

"तो फिर आवेदन इनके नाम से क्यों है?"

खरं म्हणजे हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता, अर्ज मी भरला म्हणून माझ्या नावानं भरला, इतकंच. मंजिरी पाकिटांची चळत सरळ करत म्हणाली, "तेच म्हणते मी."

"कधी म्हणालीस?" मी विचारलं.

"आत्ता," ती म्हणाली.

माझा अर्ज मी मागे घेतला आणि नवा मंजिरीच्या नावानं भरला. आईनं नवीन संमतिपत्रावर एकही चूक न काढता सही केली. पुन्हा येरझारा, पुन्हा मोबाइल, पुन्हा सेठजींचे फोन. इंदूरच्या पार्टीच्या भाजणीची थालीपिठं यात्रेकरूंनी ताटात तशीच टाकली, हे त्यांनीच एकदा सांगितलं, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

शेवटी साहेब तपासणीला आले. या वेळी जुना शर्ट घालून. मंजिरीनं खोली दाखवली, चक्की दाखवली, त्यांना गरम थालीपीठ आणि लोणी दिलं. त्यांनी समाधानानं मान हलवली, फोटो काढले आणि जाताजाता सहज विचारलं,

"मैडम, कर्मचारी कितने हैं आपके यहाँ?"

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात लेबलं चिकटवत होतो.

"एक," ती म्हणाली.

आरामखुर्चीतून आई म्हणाली, "अभी परमानेंट नहीं किया है."

नंबर आला. सेठजींकडे पोती जायला लागली, घर छान चाललंय, चक्कीही आता मोठी घेतली. मला मात्र अजून परमानेंट केलेलं नाही.