आत्याने घातलेली अट

सुमनआत्या गेल्याचं मला बाबांनी कळवलं. त्यांचा फोन सहसा येत नाही, म्हणून नाव दिसताच लगेच उचलला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. याला आता दीड महिना झाला.

आत्या ही बाबांची थोरली बहीण, पेणला शाळेत शिकवायची. मी चौथीत असताना आईबाबा वेगळे झाले. आई मला घेऊन रोह्याला माहेरी आली आणि एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली. बाबा पेणजवळ गडब गावातच राहिले, डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जायचे. माझ्या खर्चाचं कोणीच बोलत नव्हतं. मामाने कोर्टाची तयारी चालवली, तेव्हा आत्या आपणहून रोह्याला आली. आईला म्हणाली, "कोर्टात जायचं तर जा गो, मी तुझ्या बाजूने सांगीन. पण आधी एकदा बसू."

बसले ते पेणच्या एका वकिलांकडे. मलाही नेलं होतं. बाबा म्हणाले, "पोरीची पोटगी देतो. दर महिन्याला मनीऑर्डर करीन."

"मनीऑर्डर नाय," आत्या म्हणाली. "तू स्वतः जायचंस."

आई म्हणाली, "मला त्यांचं तोंड बघायचं नाय."

"तू नको बघूस. तू आत बस. पोरीला बघू दे."

अशी अट करारात कोणी घालत नाही, असं वकील म्हणाले. आत्याने ती घालायला लावली. पुढे आजी, म्हणजे तिची स्वतःची आई, तिच्याशी बोलेनाशी झाली, आणि दोन वर्षं बाबा तिच्याकडे भाऊबीजेला गेले नाहीत. आईलाही ती कधी पुरती आपली वाटली नाही. शेवटी भावाचीच बहीण, म्हणायची.

बाबा सुट्टीच्या दिवशी येत. ओटीवर बसत, पैशांचं पाकीट माझ्या हातात देत, अभ्यास विचारत आणि दुपारच्या एसटीने परत जात. मी सातवीत असताना त्यांचं कंत्राट संपलं आणि ते यायचे थांबले. मी तरीही सुट्टीला पुस्तक घेऊन ओटीवरच बसायचे... काही महिन्यांनी आत्या त्यांना घेऊन दारात उभी राहिली. बाबांच्या खांद्यावर तांदळाचं पोतं. आमच्यासमोरच तिने त्यांना सुनावलं, "पैसे नसतील तर तांदूळ आण. ते पण नसतील तर नुसता ये. पण यायचं." मग आईला म्हणाली, "पैशाचं, काम लागलं की बघू. चालंल ना गो?" आईने पोतं आत ठेवायला सांगितलं आणि चहा टाकला. त्या घरात बाबांना मिळालेला तो पहिला चहा.

ते दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत. आत्याने तसा प्रयत्नही केला नाही. पण माझं शिक्षण संपेपर्यंत बाबा येत राहिले. पुढे गागोद्यासारख्या आसपासच्या गावांतून अशी वेगळी झालेली जोडपी बोलणी करायला आत्याकडे येऊ लागली. सगळ्यांचं जमलं असं नाही. काहींचे करार लगेच मोडले. ती चिडायची, आणि पुन्हा बोलवायची.

बाराव्याला आम्ही तिच्या घरी जमलो. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. आलेल्या जोडप्याला ती तिथेच बसवायची. समोरासमोर बसलं की माणसं भांडतात, म्हणायची. जेवणं झाल्यावर आई त्यातल्या एका खुर्चीत टेकली. बाबा बराच वेळ दाराशी उभे होते, मग येऊन दुसरीत बसले. दोघंही रस्त्याकडे बघत होते... आई उठली नाही.