घाण कामावर आहे

सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागून मला महिनाच झाला होता. शाळा सातवीत सुटलेली, गाव पार वैनगंगेच्या काठचं. इथून काढलं तर जायचं कुठं, हे पोळ्या लाटतानाही डोक्यातून जायचं नाही. म्हणून न सांगितलेली कामंही मी करून टाकायचे.

मालक निवृत्त विज्ञान शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत. विहिरीचं पाणी ते गच्चीवरच्या वाळूच्या पिंपातून गाळून मगच मुलांना प्यायला देत. एका दुपारी सर बिबवेवाडीला बहिणीकडे गेले आणि मी पिंपाचं झाकण काढलं. वाळूवर हिरवट, बुळबुळीत साय! शी! पाणी उपसलं, वरची वाळू काढली, धुण्याच्या पावडरीनं तांदळासारखी खळखळून धुतली, उन्हात वाळवून परत भरली. वरून पाणी सोडलं, माठ भरला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

सर आले, गच्चीवर गेले, बराच वेळ वरच राहिले. मग खाली येऊन माठ तसाच उचलला आणि अंगणात ओतला.

"बाई, आपण दोन महिन्यांची मेहनत साबणाने धुतलीत."

"कोणाची जी?"

"जंतूंची. ती साय म्हणजे आमचे कामगार. वाळू गाळ अडवते, पण पाण्यातले रोगजंतू मुख्यतः ही साय खाते. बिनपगारी होते हो बिचारे!"

मी पदराला हात पुसले. "सर, मी गावी जाऊ का?"

"कशाला? नदी धुवायला?"

हसावं की रडावं कळेना. तोंडातून निघून गेलं, "नदी नाही धुवत जी. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणतो. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग निवळ पाणी झिरपेपर्यंत गप बसायचं. कोणी ढवळलं की आई पाठीत धपाटा घालायची."

सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे आपल्याला हे माहीत होतं."

"वाळूचं माहीत होतं. सायीचं नव्हतं."

"मग आता पुन्हा गप बसायचं. साय धरेपर्यंत पाणी उकळून द्या. धपाटा उधार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठा आणि खडू पुढ्यात ठेवला. मजकूर त्यांचा, अक्षर माझं: 'आतील घाण कामावर आहे. हात लावू नये.' माझं वाकडंतिकडं अक्षर गच्चीवर टांगलेलं बघून मुलं हसायची. सरांनी बदलून घेतलं नाही.

महिनाभर मी पातेली उकळली आणि पिंपात रोज, न ढवळता, हळूच पाणी ओतलं. साय धरायला लागली तेव्हा सरांनी आत डोकावून झाकण लावलं.

"आले कामावर. आपणही राहा."

उकळायचं मात्र त्यांनी आणखी आठवडाभर सोडू दिलं नाही. जंतूंवर विश्वास होता. माझ्यावर, म्हणाले, बसतोय हळूहळू.